अमेरिकेत डॉक्टर होता होता आनंदीबाई जोशींनी एक गोधडी शिवली, ती पुण्यात आहे

दरवर्षी ३१ मार्च आला की एक जुना फोटो आपल्या टाइमलाइनवर फिरायला लागतो. तीन बायका, तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचे कपडे. एक जपानची केई ओकामी, एक सीरियाची साबात इस्लामबुली आणि तिसरी नऊवारीच्या देशातून गेलेली आपली आनंदी. तारीख १० ऑक्टोबर १८८५, ठिकाण फिलाडेल्फिया. फोटोखाली पहिल्या भारतीय महिला डॉक्टर वगैरे मजकूर असतो. आपण लाईक करतो आणि पुढं जातो.

त्या काळात आनंदीबाईंनी अमेरिकेत आणखी एक गोष्ट केली होती. तिचे फोटो मात्र कुणी शेअर करत नाही. त्यांनी हातानं एक गोधडी शिवली होती. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती आनंदीबाईंच्या हातची म्हणून जपलेली आहे.

आता गोधडी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं. आपल्या बुलढाण्याकडं तर त्याचं वेगळं सांगायला नको. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडं डिसेंबरात जी थंडी पडते, ती दुकानातल्या ब्लँकेटला ऐकत नाही. तिला आजीची वाकळच लागते. जुनी लुगडी, धोतरं, फाटलेल्या चादरी एकावर एक अंथरायच्या, कडेनं धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. कापड जितकं जुनं तितकी गोधडी मऊ. नव्या बाळासाठी आजीच्या लुगड्याचं दुपटं शिवतात ते याचसाठी. त्यात दिखावा नसतो, कामाची वस्तू असते.

आनंदीबाईंची गोधडी यातली नाही. ती क्रेझी क्विल्ट आहे. मराठीत सांगायचं तर वेडी गोधडी. हा प्रकार काय होता आणि एक कल्याणची मुलगी त्याच्यापर्यंत कशी पोचली, हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना, घराणं कल्याणच्या जोशांचं. लग्न झालं तेव्हा वय नऊ वर्षं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, बिजवर, वयानं जवळपास वीस वर्षांनी मोठा. मुलीला शिकवीन ही गोपाळरावांची अट. त्या काळात नवरे बायकोनं शिकू नये म्हणून रागवायचे, गोपाळरावांचं उलटं होतं. बायको पुस्तक सोडून चुलीपाशी दिसली की त्यांचं डोकं फिरायचं, आणि हात उचलायलाही ते मागंपुढं बघत नसत. गोपाळरावांना सुधारक म्हणायचं की हट्टी, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. आमच्या मते ते दोन्ही होते, आणि दोन्हीची किंमत आनंदीनं मोजली.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. त्याला योग्य उपचार मिळाले नाहीत, बाईला दाखवायला बाई डॉक्टर नाही, हे तिच्या मनात बसलं ते तिथं. डॉक्टर व्हायचं ठरलं ते त्यानंतर.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, मुंबई, कोल्हापूर, भुज, कलकत्ता, श्रीरामपूर (बंगालातलं बरं का, नगरचं नव्हे). मुंबईत असताना आनंदी काही काळ मिशनच्या शाळेत गेली. तेव्हाच्या मिशन शाळांत मुलींना बायबलसोबत सुईकामही शिकवायचे. आपल्याकडच्या वरच्या जातीच्या घरांत कपडे शिवणं हे शिंप्याचं काम समजलं जायचं. घरात बायका गोधडी शिवत, पण भरतकाम हा रिकामपणाचा छंद आपल्याकडं आला तो बराचसा याच शाळांमधून.

१८८० च्या सुमारास गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. उत्तर आलं की ख्रिस्ती व्हा, मग बघू. हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी समोरचं मासिक उचललं, तर त्यात हे पत्र. त्यांनी थेट आनंदीला पत्र लिहिलं. दोघींची ओळख अशी झाली. पत्रांतून कार्पेंटरबाई आनंदीच्या मावशी झाल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ ला आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीत भाषण केलं. मी अमेरिकेला का जाते आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत कशी येईन, हे त्यांनी लोकांना समजावलं. वय अठराही पूर्ण नव्हतं. आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं स्त्री-पुरुष तुलना हे पुस्तक पुण्यात छापलं गेलं होतं. एक बाई बुलढाण्यात बसून पुरुषांना जाब विचारत होती, दुसरी बोटीची तिकिटं बघत होती. तिकिटासाठी आनंदीबाईंनी अंगावरचं सोनं विकलं. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. घ्यायला कार्पेंटर मावशी हजर.

त्या उन्हाळ्यात आनंदीबाई रोझेलला मावशींच्या घरी राहिल्या. याच घरापासून आपली गोधडी जवळ येते, कारण १८८३ च्या अमेरिकेत घरोघरी बायका एकाच गोष्टीच्या मागं लागल्या होत्या, ती म्हणजे क्रेझी क्विल्ट.

ही लाट आली कुठून? १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथं जपानच्या दालनासमोर लोकांची झुंबड उडाली. जपानी वस्तूंत सगळं सरळ, चौकोनी, दोन्ही बाजूंनी सारखं असं नव्हतं. चिनीमातीच्या भांड्यांच्या झिलईला मुद्दाम आणलेले बारीक तडे होते, आणि इंग्रजीत तशा तड्यांनाही क्रेझशीच जुळणारा शब्द आहे. अमेरिकन बायकांनी हा वाकडेतिकडेपणा उचलला आणि गोधडीत आणला. आजवर त्यांच्या गोधड्या मोजूनमापून कापलेल्या चौकोन-त्रिकोणांच्या असत. आता तुकडा जसा हाताला येईल तसा लावायचा.

हे काम दिसतं सोपं, पण वेळ खातं. आधी खाली साध्या सुती कापडाचा तळ घ्यायचा. त्यावर रेशीम, मखमल, ब्रोकेडचे तुकडे एकमेकांवर चढवत टाचायचे. मग प्रत्येक जोडावर रंगीत रेशमी दोऱ्यानं टाके घालायचे. फेदर स्टिच, हेरिंगबोन, साखळी टाका, काजाचा टाका, गाठीचा टाका. शेजारशेजारच्या दोन जोडांवर एकच टाका आला तर ती बाई आळशी ठरायची म्हणे. मग तुकड्यांच्या पोटात फुलं, पंखे, पक्षी, कोळ्याचं जाळं, कुणाच्या नावाची आद्याक्षरं भरायची. आत बहुतेक वेळा कापूस नसायचाच. म्हणजे ही गोधडी थंडीसाठी नव्हतीच, ती दिवाणखान्यातल्या कोचावर टाकायची वस्तू होती. आपल्या आजीनं बघितली असती तर एवढं करून पांघरायची नाही का, असं नक्की विचारलं असतं.

रेशीम मिळायचं कुठून, तर रोझेल ज्या न्यू जर्सी राज्यात आहे त्याच राज्यातलं पॅटरसन हे अमेरिकेचं रेशमाचं शहर होतं. गिरण्यांमधली चिंधी पाकिटात भरून टपालानं विकली जायची. मासिकं नमुने छापायची, आणि नाताळ जवळ आला की हातानं करून द्यायच्या भेटवस्तूंची पानंच्या पानं यायची. पण विकतच्या चिंधीपेक्षा भाव होता तो ओळखीच्या तुकड्याला. मैत्रिणीच्या झग्याचा, बहिणीच्या लग्नाच्या फितीचा, वडिलांच्या टायचा तुकडा मागून घ्यायचा आणि गोधडीत लावायचा. फेसबुकच्या आधीची फ्रेंडलिस्टच होती ती.

घरापासून हजारो मैल लांब असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला हा प्रकार का आवडला असेल, हे वेगळं सांगायची गरज नाही.

ऑक्टोबर १८८३ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यासाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती. डीन रेचल बॉडली यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. पण राहायला मिळालेली पहिली खोली वाईट होती. शेकोटी नीट पेटायची नाही, पेटली की धूर करायची. धुरात बसा किंवा थंडीत कुडकुडा, दोनच पर्याय. जेवण शाकाहारी, तेही स्वतः रांधलेलं. नऊवारीत पाय उघडे पडतात, बर्फात ते कसं जमणार? म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं, घोट्यापर्यंत येणारं पातळ नेसायला सुरुवात केली. कपडे बदलले, साडी सोडली नाही. गोपाळरावांची पत्रं मात्र यायची ती बहुतेक टोमणे मारणारी, संशय घेणारी. बायको हाताबाहेर चालली असं त्यांना वाटत होतं, आणि पाठवलं होतं त्यांनीच.

असं सगळं चालू असताना, शरीरशास्त्राची घोकंपट्टी आणि तब्येतीच्या कुरबुरी सांभाळून आनंदीबाईंनी सुई-दोरा हातात धरला. आम्हाला यातली गंमत वेगळीच वाटते. लहानपणी चुलीपाशी दिसली म्हणून मार खाल्लेली ही मुलगी. घरकाम म्हणजे मागासलेपण आणि पुस्तक म्हणजे प्रगती, अशी नवऱ्यानं तिच्यापुढं सरळ रेघ ओढली होती. तिनं अमेरिकेत जाऊन मेडिकलचं पुस्तकही वाचलं आणि बायकी म्हणून हिणवलं जाणारं सुईकामही केलं, तेही कुणी सांगितलं म्हणून नाही. सुई तशीही डॉक्टरच्या हातात असतेच.

११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते. इकडं कोल्हापूर संस्थानानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली होती. सगळं जुळून आलं होतं, तब्येत सोडून. क्षयानं त्यांना गाठलं होतं.

१८८६ च्या नोव्हेंबरात जोडपं मुंबईला उतरलं. स्वागत झालं, हारतुरे झाले. कोल्हापूरला रुजू होणं काही झालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ च्या रात्री पुण्यात आनंदीबाई गेल्या. बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींना पाठवली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथं आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली आणि वर दगड उभारला.

पुढं आनंदीबाईंवर पुष्कळ लिहिलं गेलं. कॅरोलिन डॉल यांचं इंग्रजी चरित्र १८८८ चं, मराठी चरित्र काशीबाई कानिटकरांचं. श्री. ज. जोशींची आनंदी गोपाळ ही कादंबरी घराघरात गेली, २०१९ मध्ये सिनेमा आला. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे, ३४ किलोमीटर व्यासाचं. आपलं लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं, म्हणजे अंदाज करा. पण या सगळ्यात आनंदीबाई दिसतात त्या विद्यार्थिनी, बायको किंवा पहिली डॉक्टर म्हणून. डॉक्टर म्हणून त्यांना इथं काम करायला मिळालंच नाही. त्यांच्या हातानं पूर्ण झालेलं, बघता येईल असं जे थोडं मागं राहिलं त्यात ही गोधडी आहे.

ती केळकर संग्रहालयात असणं हेही योग्यच. दिनकर केळकरांनी राजेमहाराजांच्या तलवारींपेक्षा अडकित्ते, दिवे, फण्या, खेळणी, घरातल्या बायकांच्या हाताखालच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. वीस हजारांहून जास्त वस्तू झाल्या. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारच्या हवाली केलं.

एक अडचण मात्र आहे. त्या काळात रेशीम जड आणि भारी वाटावं म्हणून त्याला धातूंचे क्षार पाजायचे. असं रेशीम कालांतरानं आपोआप चिरायला लागतं, घडीवर तुटतं, उजेडानं आणखी लवकर जातं. १८८० च्या दशकातल्या वेड्या गोधड्या जगभरातल्या संग्रहालयांत याच दुखण्यानं झिजताहेत. कित्येक ठिकाणी खालचं कापड गेलं आणि वरचे टाके तेवढे उरले. त्यामुळं पुण्यात बाजीराव रोडकडं गेलात आणि संग्रहालयात शिरलात, तर आत मोबाईलचा फ्लॅश मारू नका.