हत्तीरोगाचा माग काढणारे सर पॅट्रिक मॅन्सन

गणरायाचे गजमुख दिसले की आपले हात आपोआप जुळतात. त्याच हत्तीचे नाव एका दुखण्यालाही मिळाले. पण ते ज्याच्या वाट्याला आले तो माणूस मात्र पाय झाकून कोपऱ्यात बसू लागला. सुश्रुतसंहितेत या रोगाला श्लीपद म्हटले आहे. तेलंगणाला आणि आपल्या पूर्व विदर्भाला तो अपरिचित नाही. तो होतो कसा, याचा पहिला धागा ज्यांच्या हाती लागला, त्या सर पॅट्रिक मॅन्सन यांची ओळख आम्ही यंदा वाचकांना करून देत आहोत.

मॅन्सन यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८४४ रोजी स्कॉटलंडमधील ओल्डमेल्ड्रम या गावी झाला. आधी ते लोखंडाच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. पण पाठीच्या कण्याचे दुखणे जडले आणि ते काम सुटले. मग ॲबर्डीन येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते चिनी कस्टम खात्याचे डॉक्टर म्हणून फॉर्मोसा बेटावर, म्हणजे आजच्या तैवानमध्ये, गेले. १८७१ पासून त्यांचा मुक्काम चीनमधील अमॉय बंदरात होता.

तिथे हत्तीरोगाचे रुग्ण पुष्कळ. मॅन्सन वाढलेले मांस कापून काढत, रुग्णाला उठून कामाला जाता येई. पण मूळ कारण काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. रजेवर लंडनला गेले असता त्यांच्या वाचनात आले, की कलकत्त्यात टिमथी लुइस यांना १८७२ साली माणसाच्या रक्तात सूक्ष्म कृमी दिसले आहेत.

इथे थोडे शरीराविषयी सांगायला हवे. रक्तवाहिन्यांच्या जोडीने आपल्या अंगात बारीक नळ्यांचे आणखी एक जाळे असते. पेशींभोवती साचलेले जादा पाणी ते गोळा करते आणि पुन्हा रक्तात आणून सोडते. हा द्रव म्हणजे लसीका. तिला पुढे ढकलायला हृदयासारखा पंप नाही. त्या नळ्यांचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांच्यावरच तिचा प्रवास चालतो. हत्तीरोगाचे मोठे कृमी नेमके या वाहिन्यांत घर करतात. त्या निकामी झाल्या की पाणी खाली साचते आणि पाय सुजतो.

अमॉयला परतल्यावर १८७७ साली मॅन्सन यांनी एक प्रयोग केला. त्यांचा माळी हिन लो याच्या रक्तात हे कृमी होते. त्याला डासांच्या खोलीत झोपवून, त्याचे रक्त प्यालेले डास सकाळी गोळा केले. डासाच्या पोटात कृमींची वाढ होताना त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिली. कीटकाच्या शरीरात माणसाचा रोग वाढतो, हे त्यामुळे प्रथमच समोर आले. हे पिल्लू-कृमी दिवसा रक्तात जवळजवळ सापडत नाहीत, रात्री मात्र गर्दी करतात, हेही त्यांनीच दाखवले. आजही आरोग्य खात्याची माणसे हत्तीरोगाच्या तपासणीला रात्री दारी येतात, त्याचे कारण हेच.

त्यांची एक चूकही झाली. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने रोग होतो, असे त्यांना वाटे. १९०० साली जॉर्ज लो यांना डासाच्या सोंडेतच कृमी सापडले आणि रोग चावण्यातूनच पसरतो हे कळले.

दरम्यान मॅन्सन हाँगकाँगला गेले. तिथे १८८७ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संस्थापकांत ते होते. पुढे चीनचे नेते झालेले सुन यत-सेन तिथेच शिकले. लंडनला परतल्यावर १८९४ साली त्यांनी तरुण रोनाल्ड रॉसला हिवतापामागेही डासच असावा, ही कल्पना दिली आणि पत्रांतून सतत धीर दिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या सिकंदराबादेत रॉसना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. आम्हा हैदराबादकरांचा मॅन्सन यांच्याशी असा जवळचा संबंध आहे. १८९९ साली त्यांनी लंडनमध्ये उष्णप्रदेशीय रोगांची शाळा उभी केली. ९ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज रोग टाळण्यासाठी सरकारी मोहिमेत गोळ्या मोफत मिळतात. त्या घरी ठेवून न देता कर्मचाऱ्यांसमोरच घ्याव्यात. ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांनी तो रोज साबण-पाण्याने धुवावा, बोटांमधली जागा कोरडी करावी, भेगा-जखमांवर उपचार करावेत, बसताना पाय उंच ठेवावा आणि घोटा हलवत राहावे. १९३० च्या दशकात डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी लसीका पुढे सरकवणारी हलक्या हाताची मालीश विकसित केली. जाणकाराकडून ती करून घेऊन वर योग्य दाबाची पट्टी बांधली, तर सूज उतरायला मदत होते. मात्र पाय लाल, गरम झाला असेल किंवा ताप असेल तर मालीश नको. आधी डॉक्टर गाठावा.

आपल्या ओळखीत कुणी असा पाय झाकून घरात बसले असेल, तर यंदा त्यांना आरतीला आवर्जून बोलवावे आणि बसायला पुढची खुर्ची द्यावी, एवढीच आमची विनंती. गणपती बाप्पा मोरया!