बोलक्या बोटांचा गुरू

फ्रान्स देशात लिआँ शहराजवळच्या एका खेड्यात २६ डिसेंबर १७८५ रोजी लॉरां क्लेर यांचा जन्म झाला. एक वर्षाचे असताना ते खुर्चीवरून विस्तवात पडले. उजव्या गालावर कायमचा व्रण राहिला. त्यांना ऐकू येत नव्हते. आईवडिलांनी नाना उपचार केले, पण सारे व्यर्थ गेले. बाराव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती.

१७९७ साली काकांनी त्यांना पॅरिस येथील कर्णबधिरांच्या शाळेत घातले. तेथील शिक्षक झां मास्यू हे स्वतःही कर्णबधिरच होते. या शाळेत एका हाताच्या बोटांनी सर्व अक्षरे दाखवीत. बोटांची एकेक ठेवण म्हणजे एकेक अक्षर! नावे व नवे शब्द असे अक्षरशः लिहावयाचे आणि बाकीचे बोलणे हातांच्या व चेहऱ्याच्या खुणांनी करावयाचे, अशी तेथील रीत होती. दोन बोटे गालावरून खाली फिरवली, की ते क्लेर यांचे नाव होई. ज्या व्रणाची लाज वाटावी, तोच त्यांची ओळख बनला! पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले.

त्या काळी अमेरिकेत कर्णबधिर मुलांसाठी कायमची शाळा नव्हती. ही विद्या शिकण्यासाठी थॉमस गॅलोडेट हे गृहस्थ तेथून युरोपात आले होते. त्यांनी क्लेर यांना आपल्याबरोबर येण्याची विनंती केली. देश परका, भाषा परकी. आईनेही परोपरीने विनवले. तरीही क्लेर निघाले. १८१६ च्या जूनमध्ये जहाज सुटले. बावन्न दिवसांच्या त्या प्रवासात क्लेर गॅलोडेटना खुणा शिकवीत आणि त्यांच्याकडून स्वतः इंग्रजी शिकत. दोघेही गुरू, दोघेही शिष्य!

अमेरिकेत दोघांनी गावोगाव हिंडून निधी जमवला. लोक प्रश्न लिहून देत. क्लेर त्यांची उत्तरे लिहून देत. ती वाचून अशा मुलांच्या बुद्धीविषयी लोकांच्या मनात असलेली शंका फिटे. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे शाळा सुरू झाली. मुलांच्या घरगुती खुणा व क्लेर यांच्या फ्रेंच खुणा यांच्या मिलाफातून तेथे एक नवी भाषा घडत गेली. तीच आजची अमेरिकन खुणांची भाषा होय.

क्लेर यांचा करार केवळ तीन वर्षांचा होता. पण १८५८ पर्यंत ते शिकवीतच राहिले. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्ड येथे त्यांचे देहावसान झाले. मुलांनो, विद्येचा मार्ग केवळ कानांतूनच जातो असे नाही. तो हातांतूनही जातो, हे क्लेर यांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले.