दुसऱ्या कॉम्प्युटरची सोंगं घेणारा अमिगा ज्याने घडवला, त्या जे मायनरची गोष्ट

संध्याकाळची विरार फास्ट. दरवाजाजवळच्या पॅसेजमध्ये पाठ टेकवून एक कॉलेजचा पोरगा मोबाइलवर मारिओ खेळतोय. बोरिवली गेलं, भाईंदर गेलं, खाडी आली, पण गड्याची मान काही वर होत नाही.

आता गंमत बघा. तो जो गेम खेळतोय, तो त्या मोबाइलसाठी बनलाच नव्हता. जपानच्या निंटेंडोने तो १९८५ मध्ये काढला, टीव्हीला जोडायच्या एका डब्यासाठी. त्याच डब्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी पोचल्या. आमच्या वसईत माझ्या चुलत दादाकडे असा एक डबा होता. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा त्याच्यावरचा अधिकृत उपाय. तो डबा आता माळ्यावर पडलाय. वायर उंदरांनी खाल्ली आहे.

मग त्या डब्यातला मारिओ मोबाइलमध्ये आला कसा?

तर मोबाइलमध्ये एक प्रोग्राम असतो, तो जुन्या डब्याचं सोंग घेतो. गेमला वाटतं आपण आपल्या घरीच आहोत. या प्रोग्रामला म्हणतात एम्युलेटर. मराठीत समजून घ्यायचं तर बहुरूपी. आज पोलीस बनून दारात येतो, उद्या वैद्य बनून. माणूस तोच, सोंग वेगळं.

मोबाइलने सोंग घेण्याचं आज कुणाला नवल वाटत नाही. पण चाळीसेक वर्षांपूर्वी एका कॉम्प्युटरने बाजारात येतानाच, भर कार्यक्रमात, दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरचं सोंग घेऊन दाखवलं होतं. त्याचं नाव अमिगा. आणि त्याचा बाप म्हणून जगभर ओळखला जाणारा माणूस म्हणजे जे मायनर.

हवामान खात्याच्या बोटीवरून चिपकडे

जे मायनरचा जन्म ३१ मे १९३२ चा, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या प्रेस्कॉट गावचा. शाळा संपल्यावर तो तटरक्षक दलात गेला. उत्तर अटलांटिक समुद्रात हवामानाची नोंद ठेवणाऱ्या गस्तीवर त्याने काही वर्षं काढली. इलेक्ट्रॉनिक्सची गोडी होतीच. परत आल्यावर बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्याने १९५८ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली.

पुढची काही वर्षं त्याने चिप डिझाइन करण्यात घालवली. १९७३ मध्ये सिनरटेक नावाची चिप बनवणारी कंपनी उभी राहिली, तिच्या संस्थापकांमध्ये तो होता. तिथून गडी अटारी कंपनीत पोचला.

अटारीला तेव्हा घरच्या टीव्हीवर चालणारं गेमचं मशीन बनवायचं होतं. इंजिनिअर लोकांनी सर्किट जुळवून दाखवलं होतं, पण ते टेबलभर पसरलेलं. मायनरच्या पुढाकाराने चित्र आणि आवाजाचं काम एका चिपमध्ये बसवलं गेलं. त्या चिपचं नाव टीआयए. १९७७ मध्ये हे मशीन बाजारात आलं. पुढे जग त्याला अटारी २६०० म्हणून ओळखायला लागलं.

या मशीनची मेमरी किती होती? फक्त १२८ बाइट. मोबाइलवर मराठीत दहा शब्दांचं वाक्य लिहिलं तरी ते एवढ्या जागेत मावत नाही. अख्खा पडदा लक्षात ठेवायला मेमरी नाही, म्हणून टीआयए चित्र एकेका ओळीने रंगवायची. एक ओळ झाली की पुढची.

इथेच मायनरची पद्धत दिसते. मुख्य प्रोसेसर साधा असला तरी चालेल, चित्र आणि आवाजाचं काम दुसऱ्या चिपकडे द्यायचं. १९७९ च्या अटारी ४०० आणि ८०० कॉम्प्युटरमध्ये त्याच्या टीमने हीच गोष्ट आणखी पुढे नेली.

त्यानंतर त्याला मोटोरोलाच्या ६८००० या नव्या, दमदार प्रोसेसरवर कॉम्प्युटर बनवायचा होता. अटारीच्या वरच्या मंडळींना त्यात रस नव्हता. मायनरने राजीनामा टाकला आणि तो झायमॉस नावाच्या कंपनीत पेसमेकरच्या चिप बनवायला लागला. पेसमेकर म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

मैत्रीण नावाचा कॉम्प्युटर

१९८२ मध्ये अटारीतला जुना सहकारी लॅरी कॅप्लन याने मायनरला नव्या कंपनीसाठी गाठलं. पैसा लावणाऱ्यांमध्ये फ्लोरिडाचे काही डेंटिस्ट होते. त्यांना हवं होतं गेमचं मशीन. मायनरला हवा होता कॉम्प्युटर. त्याने अट घातली की प्रोसेसर ६८००० च असेल आणि पुढे वाढवून पूर्ण कॉम्प्युटर करता येईल असंच मशीन बनेल. मंडळींनी मान्य केलं.

कंपनीचं पहिलं नाव हाय-टोरो. ते बदलून अमिगा झालं. स्पॅनिशमध्ये अमिगा म्हणजे मैत्रीण. शिवाय यादीत हे नाव ॲपल आणि अटारी दोघांच्याही आधी येतं, हा वरचा फायदा.

मशीन तयार होईपर्यंत खर्च भागवायला कंपनी गेमची छोटी साधनं विकत होती. त्यातलंच एक जॉयबोर्ड. यावर उभं राहून तोल सांभाळत खेळायचं. काम करून डोकं फिरलं की पोरं यावर मांडी घालून, अजिबात न हलता बसायचा खेळ खेळायची, एखाद्या ध्यानस्थ गुरूसारखी. म्हणून अमिगा क्रॅश झाला की पडद्यावर जी सूचना यायची, तिचं नावच पडलं गुरू मेडिटेशन.

या सगळ्या धावपळीत मायनरबरोबर ऑफिसात कायम असायची त्याची कुत्री, मिची.

१९८४ च्या जानेवारीत मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात मशीन दाखवायचं ठरलं. पण चिप तयार नव्हत्या. त्यांच्या जागी होते सर्किट बोर्डांचे ढीग आणि त्यांच्यातून निघालेल्या असंख्य वायरी. सामानात टाकलं तर तुटेल म्हणून पोरांनी विमानात त्याच्यासाठी वेगळी सीट घेतली. प्रदर्शनात त्या वायरींच्या जंजाळातून पडद्यावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचा चेंडू उसळायला लागला आणि बघणारे टेबलाखाली दुसरा मोठा कॉम्प्युटर लपवलाय का ते शोधायला लागले.

पैसा मात्र संपत आला होता. अटारीने पाच लाख डॉलर उसने दिले, पण अट अशी की वेळेत परत केले नाहीत तर चिपचं डिझाइन अटारीचं. मुदत भरायच्या आधी कमोडोर कंपनी मध्ये आली, उसने पैसे फिटले आणि त्याच वर्षी कमोडोरने अमिगा विकत घेतली.

सोंग घ्यायची ताकद आली कुठून?

२३ जुलै १९८५. न्यूयॉर्कचं लिंकन सेंटर. प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल याने स्टेजवर अमिगा वापरून गायिका डेबी हॅरीचं चित्र रंगवलं. त्या काळात आयबीएमचा पीसी ग्राफिक्समध्ये एकावेळी चार रंग दाखवायचा आणि ॲपलचा मॅकिन्टॉश कृष्णधवल होता. अमिगाकडे ४०९६ रंग होते आणि चार चॅनलचा स्टिरिओ आवाज.

याचं कारण मायनरचं जुनंच गणित. अमिगात तीन खास चिप होत्या. ॲग्नस मेमरीची वाटणी आणि चित्रांची हलवाहलव बघायची. डेनिस चित्र पडद्यावर पाठवायची. पॉला आवाज आणि फ्लॉपीचं काम सांभाळायची. या तिघी घर चालवायच्या, त्यामुळे ६८००० प्रोसेसर मोकळा राहायचा.

त्याच कार्यक्रमात ट्रान्सफॉर्मर नावाचा प्रोग्रामही दाखवला गेला. तो चालू केला की अमिगा चक्क आयबीएम पीसी बनायचा. पण हे सोंग फार हळू चालायचं.

का? वसईतलं उदाहरण घेऊ. सामवेदी बोलणाऱ्या कुपारी माणसाला दुसऱ्या कुपारी माणसाचं काम करायला सांगितलं, तर त्याने कपडे बदलले की भागलं. भाषा तीच. पण त्यालाच चिनी माणसाचं काम दिलं, तर प्रत्येक वाक्यासाठी शब्दकोश उघडावा लागेल. आयबीएम पीसीच्या प्रोसेसरची भाषा वेगळी होती. त्याच्या एकेका सूचनेसाठी ६८००० ला स्वतःच्या अनेक सूचना चालवाव्या लागायच्या. शेवटी कमोडोरने साइडकार नावाचा डबा काढला, त्यात पीसीचा खराखुरा प्रोसेसरच होता. म्हणजे सोंग जमेना म्हणून मूळ माणूसच घरात आणून बसवला.

मॅकिन्टॉशचं मात्र वेगळं होतं. त्याचाही प्रोसेसर ६८००० च. भाषा तीच, फक्त कपडे बदलायचे. १९८९ मध्ये रेडीसॉफ्ट कंपनीने ए-मॅक्स हे साधन काढलं. अमिगाच्या फ्लॉपीच्या जागी एक डबी जोडायची, त्यात मॅकिन्टॉशच्या मूळ रॉम चिप घालायच्या आणि अमिगा मॅक होऊन जायचा. रॉम स्वतः आणा, ही अट कायद्यासाठी. सोंग घेणं गुन्हा नाही, पण रॉममधला प्रोग्राम ॲपलचा, तो फुकट वाटता येत नाही. आजच्या मोबाइल एम्युलेटरलाही हाच नियम लागू आहे.

पुढे शेपशिफ्टर आला. यात अमिगाची स्वतःची कामं चालू ठेवून बाजूला मॅक चालवता यायचा. आणि मग तर कहरच झाला. ६८००० च्या घराण्यातला शेवटचा मोठा प्रोसेसर म्हणजे ६८०६०. ॲपलने तो कधीच आपल्या मॅकमध्ये घातला नाही, कंपनी दुसऱ्या घराण्याच्या प्रोसेसरकडे वळली. अमिगासाठी मात्र त्याची कार्डं निघाली. म्हणजे त्या घराण्याच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या मॅकपैकी सगळ्यात वेगवान मॅक ॲपलने बनवलाच नव्हता. ते अमिगाने घेतलेलं सोंग होतं.

हौशी लोकांनी अमिगावर कमोडोर ६४, गेम बॉय, निंटेंडो अशी कितीतरी सोंगं चढवली. आपल्याकडे ज्याचा भारतीय अवतार डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने विकला, तो सिंक्लेअर स्पेक्ट्रमसुद्धा अमिगावर चालतो. आणि हो, अटारी २६०० पण. म्हणजे चाळिशीतल्या मायनरच्या चिपचं सोंग, पन्नाशीतल्या मायनरच्या मशीनवर.

कंपनी बुडाली, माणूस गेला

मशीन एवढं भारी, मग झालं काय?

कमोडोरला ते विकता आलं नाही. कुणासाठी गेमचं मशीन, कुणासाठी ऑफिसचा कॉम्प्युटर, नेमकं काय म्हणून विकायचं हेच ठरेना. मायनरच्या टीमचं कॅलिफोर्नियातलं लॉस गॅटोसचं ऑफिस कंपनीने बंद केलं. त्याने मांडलेल्या पुढच्या, जास्त ताकदीच्या चिप बाजारात आल्याच नाहीत. अमिगा ५०० युरोपात घराघरात पोचला, पण आतली चिप बरीच वर्षं जवळपास तीच राहिली आणि बाकीचं जग पुढे निघून गेलं.

मायनरची किडनी आयुष्यभर त्याला त्रास देत होती. डायलिसिस चालू असायचं. पुढे त्याच्या बहिणीने आपली एक किडनी त्याला दिली. शेवटच्या काळात तो व्हेंट्रिटेक्स कंपनीत होता. तिथे छातीत बसवायचं, बिघडलेला ठोका झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र बनायचं. पेसमेकरची चिप सोडून जो कॉम्प्युटर बनवायला निघाला होता, तो परत हृदयाच्या यंत्रापाशी आला होता.

२९ एप्रिल १९९४ ला कमोडोरने दिवाळखोरी जाहीर केली. २० जून १९९४ ला, म्हणजे दोन महिनेही झाले नव्हते, जे मायनर गेला. किडनीच्या दुखण्यातून हृदय बंद पडलं. वय ६२.

पुढच्याच वर्षी बर्न्ड श्मिट या जर्मन तरुणाने उलटा खेळ सुरू केला. इतरांची सोंगं घेणाऱ्या अमिगाचंच सोंग साध्या कॉम्प्युटरने घ्यायचं. प्रोग्रामचं नाव यूएई. सुरुवातीला तो अमिगा धड चालूच करू शकायचा नाही, म्हणून त्याचा अर्थ लोक निरुपयोगी अमिगा एम्युलेटर असा सांगायचे. अडचण होती मायनरच्या चिपची. त्या सगळ्या एकमेकींच्या तालावर चालतात, एकीचं पाऊल चुकलं की खेळ बिघडला. एका प्रोसेसरने सगळ्यांचं काम त्याच तालात करायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. ते जमायला अनेकांची अनेक वर्षं गेली, पण जमलं.

आज तर हौशी मंडळी जुन्या अमिगातला ६८००० काढून त्या जागी पायस्टॉर्म नावाचा छोटा बोर्ड बसवतात. त्यावर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर ६८००० चं सोंग घेतो. डेनिस, पॉला मूळच्याच, फक्त प्रोसेसर उसना. उसन्या अवयवावर मशीन पुन्हा धावायला लागतं आणि परत मॅकची सोंगं घेतं, पूर्वीपेक्षा कितीतरी पटीने जोरात.

अमिगा १००० चं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला टीमच्या सह्या कोरलेल्या दिसतात. त्यात जे मायनरची सही आहे आणि मिचीच्या पंजाचा ठसापण. कंपनी बुडाली, त्या चिप बनायच्या बंद झाल्या, सही करणारे एकेक करून जातायत. पण त्या मशीनची चालढाल कुणीतरी बारकाईने शिकून घेतली, म्हणून ते अजून चालतंय.

हे लिहून झाल्यावर मी दादाला फोन केला. माळ्यावरचा तो डबा भंगारवाल्याला द्यायचा नाही असं बजावून ठेवलंय. वायर बदलता येते. तुमच्या माळ्यावरही असं काही असेल, तर या रविवारी एकदा खाली काढून बघा.