उमेझावा आणि प्रथिनांची राखण

उंदराच्या यकृताचा तुकडा प्रयोगशाळेत वाटला, की त्यातली प्रथिने अखंड हाती येतील असे वाटते. तसे होत नाही. जिवंत पेशीत प्रथिने तोडणारी बरीच विकरे, म्हणजे प्रोटिएज, लायसोसोमसारख्या कप्प्यांत बंद असतात. पेशी फुटताना कप्पेही फुटतात आणि ही विकरे समोर येईल त्या प्रथिनाचे तुकडे पाडू लागतात. मग महिनाभराच्या मेहनतीनंतर संशोधकाच्या हाती उरतो तो चुरा! म्हणून नमुना बर्फावर ठेवतात आणि वाटण्याआधीच द्रावणात प्रोटिएजरोधक घालतात. लुपेप्टिन आणि पेप्स्टॅटिन हे त्यातले दोन नेहमीचे. दोन्ही जपानच्या हामाओ उमेझावा यांच्या प्रयोगशाळेतून आले.

उमेझावा यांचा जन्म 1914चा, फुकुई प्रांतातील ओबामा गावचा. 1937 साली ते तोक्योत वैद्यकीय पदवीधर झाले. महायुद्धाच्या काळात जपानने पेनिसिलिन बनवण्याचे काम हाती घेतले, त्यातही ते होते. 1957 मध्ये त्यांनी मातीतील स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूपासून मिळालेले कॅनामायसिन जाहीर केले. स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणाऱ्या क्षयावर ते चालले. भारतातही औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांनी त्याची इंजेक्शने अनेक वर्षे घेतली. काहींना त्यापायी बहिरेपणही आले. या औषधाच्या स्वामित्वधनातून 1962 मध्ये तोक्योत सूक्ष्मजीव रसायनशास्त्राची संस्था उभी राहिली. कर्करोगावरचे ब्लिओमायसिनही त्यांचेच.

इतके यश मिळाल्यावर दुसरा कोणी प्रतिजैविकेच शोधत राहिला असता. उमेझावांनी प्रश्न बदलला. सूक्ष्मजीव आपल्याभोवती प्रोटिएज सोडतात, तर त्यांना आवरणारे पदार्थही ते बनवत असतील का? जंतू मरतात का हे न पाहता, जीवाणू वाढवलेल्या द्रवामुळे विकराचे काम थांबते का, हे तपासले जाऊ लागले. 1969 मध्ये लुपेप्टिन मिळाले, 1970 मध्ये पेप्स्टॅटिन, पुढे अँटिपेन आणि बेस्टॅटिन.

प्रत्येकाचे गिऱ्हाईक वेगळे. लुपेप्टिन ट्रिप्सिन, पपेन यांसारख्या विकरांना अडवते, पेप्सिनला नाही. पेप्स्टॅटिन पेप्सिनच्या कुळाला जखडते, ट्रिप्सिनला सोडून देते. धातूच्या आधाराने चालणारी विकरे या दोघांनाही जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी धातू पकडून ठेवणारे ईडीटीए लागते. म्हणून प्रयोगशाळेत एकाऐवजी मिश्रण वापरतात. पेप्स्टॅटिन पाण्यात जेमतेम विरघळते, त्यामुळे ते आधी मिथेनॉलसारख्या द्रावकात विरघळवून घेतात. घाईत हे विसरणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

उमेझावा डिसेंबर 1986 मध्ये वारले. त्यानंतर थोड्याच काळात एचआयव्हीचे प्रोटिएज पेप्स्टॅटिनने रोखले जाते असे दिसले. हे विकर पेप्सिनच्याच कुळातले आहे, या अनुमानाला त्यामुळे बळ मिळाले आणि त्या विकराला अडवणारी एड्सची औषधे 1995 पासून बाजारात येऊ लागली.