अल-ख्वारिझ्मी : जब्र म्हणजे जबरदस्ती नव्हे

फळ्यावर ‘अलजब्रा’ लिहिलं की आमच्या मुलांना त्यातला ‘जब्र’ तेवढा दिसतो. उर्दूत जब्र म्हणजे जबरदस्ती, आणि अनेकांना हा विषय तसाच वाटतो. पण ज्यांच्या किताबीतून हा शब्द जगाला मिळाला, त्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांचं काम पाहिलं की ही भीती बरीच कमी होते.

त्यांचा जन्म सन 780 च्या सुमारास झाला. खलिफा मामून यांच्या काळात (813 ते 833) ते बगदादच्या बैतुल हिकमतमध्ये काम करत. खगोल, भूगोल, गणित, सगळंच त्यांच्या अभ्यासात होतं. हिंदुस्थानी अंकांवर त्यांनी लिहिलेली किताब पुढे लॅटिनमध्ये गेली आणि त्यांच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द तयार झाला.

‘जब्र वल मुकाबला’ ही त्यांची सर्वांत मशहूर किताब. अरबीत जब्र म्हणजे मोडलेलं हाड जोडणं, पुन्हा पूर्ण करणं असाही अर्थ आहे. विरासतीची वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी अशा लोकांच्या रोजच्या गरजांसाठी त्यांनी ती लिहिली. विरासतीच्या हिशेबांनी तर तिचा मोठा भाग व्यापला आहे.

त्यात क्ष नाही, चिन्हं नाहीत. सगळं शब्दांत आहे. एक उदाहरण बघा. एका संख्येचा वर्ग आणि तिची 10 पट मिळून 39 होतात, तर ती संख्या कोणती? ख्वारिझ्मी चौरस काढतात. त्या 10 पटीचे दोन सारखे भाग करून, 5 रुंदीचे दोन आयत चौरसाच्या दोन बाजूंना लावतात. कोपऱ्यात 5 बाय 5 ची जागा रिकामी राहते. ती 25 ने भरली की 39 आणि 25 मिळून 64 चा मोठा चौरस होतो. त्याची बाजू 8. त्यातून 5 गेले, उरले 3. झालं उत्तर!

म्हणजे बीजगणित, भूमिती आणि घरातला हिशेब त्यांच्याकडे एकाच दस्तरखानावर बसलेले होते. आपण मात्र दहावीला बीजगणिताचं पुस्तक वेगळं, भूमितीचं वेगळं ठेवतो. दोन्हींमधला धागा आम्ही शिक्षकांनीच दाखवला नाही, तर मूल सूत्रं पाठ करतं, विसरतं आणि गणित आपल्या नशिबात नाही असं ठरवून मोकळं होतं. कसूर मुलाचा नसतो.

आज घरी एक चौकटीचा कागद घ्या आणि मुलाबरोबर तो चौरस काढून बघा. रिकामा कोपरा मात्र त्यालाच भरू द्या.