पंडिता रमाबाई व प्रार्थनेचे उघडे दार

मोहाविषयी बोलणे निघाले म्हणजे दारू, जुगार, व्यभिचार व चोरी ही नावे आपल्या जिभेवर लगेच येतात. ही पापे खरी आहेत व त्यांनी पुष्कळ घरे धुळीस मिळविली आहेत. तथापि जो मोह देवभीरू माणसाला पाडतो तो बहुधा इतक्या उघड रूपाने येत नाही. तो हितचिंतकाच्या वेषाने येतो, गोड बोलतो, आणि फार थोडे मागतो. विश्वास सोड असे तो म्हणत नाही. विश्वास जरा झाकून ठेव, एवढेच तो सुचवितो. या मोहाशी जन्मभर झुंजलेल्या एका भगिनीचे चरित्र आज आपण पाहू. पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत कोणास ठाऊक नाही? परंतु त्यांची विद्वत्ता व त्यांचे मोठे कार्य यांचीच वाखाणणी आपण करतो, आणि त्यांनी रोजच्या जीवनात मोहाला कसे परतविले हा धडा मागे राहून जातो.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित होते. स्त्रियांना ती विद्या देऊ नये हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले, व लक्ष्मीबाईंनी ती विद्या रमाबाईंस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. पुढे दुष्काळ पडला, जवळचे द्रव्य संपले, आणि 1874 साली अनंतशास्त्री वारले. थोड्याच काळात आई व थोरली बहीणही गेली. हातांनी कष्ट करून पोट भरावे ही सवय त्या घराला नव्हती. कुळाचा अभिमान आड येत होता. त्या अभिमानाची किंमत अन्नावाचून गेलेल्या प्राणांनी मोजावी लागली. ही गोष्ट रमाबाई कधी विसरल्या नाहीत, हे पुढे दिसून येईल.

बंधू श्रीनिवास यांच्यासह त्यांनी पायी देशभर भ्रमण केले व 1878 साली दोघे कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वय अवघे वीस वर्षांचे. सभांत सत्कार होत होते, वर्तमानपत्रांत नाव गाजत होते. दोन वर्षांपूर्वी जिला पोटभर अन्न नव्हते तिला एकाएकी एवढा मान मिळाला, तर ती त्यातच रमली असती तरी कोणी दोष दिला नसता. परंतु ज्या शास्त्रांच्या ज्ञानाबद्दल त्यांची स्तुती होत होती त्याच शास्त्रांत स्त्रीजातीविषयी काय लिहिले आहे हे त्यांनी स्तुतीच्या गोंगाटातही वाचले, व ते त्यांच्या मनाला लागून राहिले.

1880 साली बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीचे बंधन न मानता, विवाह केला. पतीच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली व त्या ती आवडीने वाचू लागल्या. कन्या मनोरमा हिचा जन्म 1881 साली झाला. आणि 4 फेब्रुवारी 1882 रोजी पती पटकीने मरण पावले. तान्हे मूल कडेवर घेऊन ही विधवा पुण्यास आली. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि 1883 साली त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींकडे राहत असता, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा या भगिनी प्रेमाने करतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. शोमरोनी स्त्रीशी प्रभू कसा वागला हे वाचून त्यांचे अंतःकरण द्रवले. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एक निराळा मोह उभा राहिला. परदेशात जाऊन ख्रिस्ती झालेल्या माणसाने परदेशी चालरीतही उचलावी, ही गोष्ट त्या काळी साहजिक वाटे. रमाबाईंनी ते केले नाही. त्यांची साधी पांढरी वस्त्रे व शाकाहार इंग्लंडातही सुटला नाही. ज्यांच्या हातून उपकार झाले त्यांच्याशीही, जे मनाला पटले नाही ते पटले नाही असे त्या नम्रतेने पण स्पष्ट सांगत. जगाचे वारे आपल्या गावाच्याच दिशेने वाहते असे नाही. कधी ते आगबोटीतून, तर कधी उपकारकर्त्याच्या घरातूनही वाहते, हे त्यांनी ओळखले होते.

1886 साली त्या अमेरिकेस गेल्या. पुढच्या वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि बोस्टन शहरी एक साहाय्यक मंडळ निघाले. विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे त्या मंडळाने मान्य केले. शाळेत कोणावर धर्माची सक्ती होणार नाही असे ठरले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हीच पुढे महर्षी कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली. 1890 साली सदन पुण्यास नेले. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारखे थोर पुरुष सल्लागार होते, आणि जातीचे नियम पाळणाऱ्या मुलींना ते पाळण्याची पूर्ण मोकळीक होती.

आता जी गोष्ट सांगावयाची ती उपदेशक बंधूंनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे लोटली होती, शाळा चालली होती, नाव झाले होते. तरी 1891 सालाच्या सुमारास रमाबाईंस असे कळून आले की आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त अजून आपला झालेला नाही. आपल्यातील किती जण हे स्वतःविषयी कबूल करतील? त्या शरण गेल्या व त्यांस शांती मिळाली. पुढील परीक्षेत ज्या बळावर त्या उभ्या राहिल्या ते बळ येथून आले. ज्याचे आतले घर रिकामे आहे त्याने मोहाशी कितीही हुज्जत घातली तरी तो हरतोच.

रमाबाई रोज आपल्या खोलीत लेकीसह प्रार्थना करीत व पवित्र शास्त्र वाचीत, आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. त्या कोणाला बोलावीत नसत, कोणाला घालवूनही देत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. लोकांत कुजबूज झाली, वर्तमानपत्रांत टीका झाली. आता मोह कोणत्या रूपाने आला ते पाहा. त्यांस प्रार्थना सोडावयाची नव्हती, ख्रिस्ताला नाकारावयाचेही नव्हते. केवळ दार लोटून घ्यावयाचे होते. तेवढ्याने थोर सल्लागार राहिले असते, पुण्यातील प्रतिष्ठा राहिली असती, आणि निराश्रित मुलींचे शिक्षण निर्वेध चालले असते. कारण उदात्त होते आणि मागणी अगदी लहान होती. मोहाची सर्वांत धारदार कट्यार अशीच असते.

रमाबाईंनी दार लावले नाही. 1893 साली सल्लागारांनी राजीनामे दिले व सुमारे 25 मुली सदनातून काढून नेण्यात आल्या. ज्यांच्यासाठी सात समुद्र ओलांडले त्याच मुली डोळ्यांदेखत परत जाताना पाहणे ही लहान व्यथा नव्हे. सल्लागारांनाही आपण वाईट म्हणू नये. आपल्या समाजाने विश्वासाने सोपविलेल्या मुलींची काळजी त्यांस होती. बोस्टनच्या मंडळाने मात्र आपला विश्वास काढून घेतला नाही, आणि सदन टिकले.

या एका गोष्टीत दोन बाजू आहेत. एक घेऊन दुसरी सोडली तर धडा बिघडतो. रमाबाईंनी दार लावले नाही, तसेच कोणास हात धरून आतही ओढले नाही. ज्या मुलीस यावयाचे नव्हते तिच्या स्वयंपाकाची व सोवळ्याची सोय त्यांनी शेवटपर्यंत राखली. लपविणे हा एक मोह, आणि जबरदस्ती हा त्याचाच दुसरा भाऊ. दोहोंच्या पोटी देवावरचा अविश्वासच असतो.

पुढे 1896 साली मध्य प्रांतांत घोर दुष्काळ पडला. रमाबाईंस आपले बालपण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या व उपाशी मुली व विधवा यांस घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यास प्लेगची साथ आल्यामुळे त्यांनी या मुलींस दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे आपल्या शेतजमिनीवर नेले. तेथे मुक्ती सदन वसले, आणि 1900 सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तेथे अक्षरांबरोबर विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग शिकविले जात; आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकवीत. कष्टाला कमी लेखल्याने आपल्या घरी काय झाले हे ज्या बाईंनी पाहिले होते त्यांनी हातांना काम देणे हा उपासनेचाच भाग मानला. रिकाम्या हातांकडे मोह लवकर येतो, आणि दुसऱ्याच्या दयेवर जगणाऱ्यास नाही म्हणणे कठीण जाते. हे त्या जाणून होत्या.

1905 साली मुक्ती सदनात मोठी आत्मिक जागृती झाली व दूरदूरच्या देशांत तिची वार्ता गेली. 1919 साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. अशा वेळी कलकत्त्याचा तो जुना मोह पुन्हा डोके वर काढता. परंतु त्या काळात या विदुषी जाड्याभरड्या वस्त्रांत बसून इब्री व ग्रीक भाषांच्या साहाय्याने पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. ज्या जिभेवर भागवताचे हजारो श्लोक होते त्या जिभेने खेड्यातील अशिक्षित बाईला कळेल असा शब्द शोधीत वर्षे घालविली. विद्येचा गर्व जिंकण्याचा याहून चांगला मार्ग कोणता? जुलै 1921 मध्ये एकुलती एक कन्या व उजवा हात अशी मनोरमा गेली. तरीही काम थांबले नाही. भाषांतर संपवून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई प्रभूमध्ये झोपी गेल्या.

वाचकहो, केडगावाजवळून जो लोहमार्ग जातो तोच पुणे, कल्याण करीत मुलुंड व घाटकोपरावरून मुंबईत शिरतो. आज आपल्या खेड्यांतील तरुण त्याच वाटेने कामधंद्यास जातात. कोणी मुलुंड-घाटकोपरास उतरतो, कोणी पुढे अंधेरी-बोरिवलीस खोली घेतो. गावी मंडळीचे डोळे होते; तेथे कोणी ओळखत नाही. पगाराच्या दिवशी सोबती बाटलीसाठी वर्गणी मागतात. हातातल्या फोनवर जुगाराचा डाव मांडलेला असतो. शेजाऱ्यासारखे लग्न व्हावे म्हणून कर्ज काढले जाते. वरचा कारकून खोट्या बिलावर सही करावयास सांगतो. प्रत्येक ठिकाणी मागणी लहान असते. अशा वेळी पहिल्याच आठवड्यात, सौम्यपणे, आपण कोण आहो हे सांगून टाकावे. जेवणापूर्वी डोके लववावे, रविवारी उपासनेस जावे, आणि ते लपवू नये. ज्याने पहिल्या दिवशी दार उघडे ठेवले त्याला पुढचे अर्धे मोह विचारावयासही येत नाहीत. ज्याने ते लोटून घेतले त्याला रोज नवी कडी घालावी लागते.

याहून जड एक गोष्ट आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती म्हणविणाऱ्यास मिळत नाहीत. म्हणून कित्येक घरांत मंडळीच्या वहीत एक व सरकारी कागदावर दुसरे असे चालते. लेकराचे शिक्षण व भाकर ज्या कागदावर टांगलेली आहे त्याविषयी कठोर बोलणे सोपे आहे, पण ते प्रीतीचे नव्हे. तो कायदा बदलावा म्हणून न्यायाच्या मार्गाने मागणी करणे योग्यच आहे. परंतु त्या घरातील बापाला रमाबाईंच्या 25 मुली दाखवाव्या. सत्याची किंमत त्यांनीही मोजली, आणि त्या एकट्या पडल्या नाहीत. मंडळीनेही हे लक्षात धरावे की जो भाऊ सत्यासाठी सवलत गमावतो त्याच्या मुलांच्या फीचा भार उचलणे हे तिचे कर्तव्य आहे. आपण हात आखडता घ्यावा आणि त्याला धैर्याचा उपदेश करावा, हे शोभणारे नाही.

प्रत्येक घराने या आठवड्यात एवढेच करावे. घरची प्रार्थना शेजाऱ्याच्या भीतीने दबक्या आवाजात होत असेल, तर दार उघडून करावी; शेजाऱ्याला ऐकविण्यासाठी मोठ्याने होत असेल, तर आवाज खाली आणावा. जो प्रभू रानात सैतानाच्या तिन्ही परीक्षांत अढळ राहिला तो आपणां सर्वांस बळ देवो.