भावाचं व्हायोलिन

शेरलॉक होम्सच्या कथा आपल्यापैकी बऱ्याच जणींनी लायब्ररीतून आणून वाचल्या असतील. त्यातली अगदी पहिली, १८८७ साली आलेली कादंबरी आठवते का? खुनाचा तपास ऐन रंगात आलेला असताना होम्सला घाई असते ती नॉर्मन-नेरुदाचं व्हायोलिन ऐकायला जायची. कॉलेजात असताना वाचलं तेव्हा मला वाटलं, हे नाव लेखकाने रचलेलं असणार. पुष्कळ वर्षांनी कळलं, की ही बाई खरीखुरी होती. आणि तिची गोष्ट कादंबरीपेक्षा कमी नाही.

विल्मा नेरुदा १८३८ साली ब्रनो शहरात जन्मली. हे शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील तिथल्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गन वाजवत. घर सगळं गाण्या-वाजवण्याचं, पण कुणी काय वाजवायचं हे ठरलेलं. मुलीने पियानो, मुलाने व्हायोलिन. हनुवटीखाली वाद्य दाबायचं, मान वाकडी करायची, चारचौघांत उभं राहून हात जोराने चालवायचा, हे कुलीन मुलीला शोभतं का? पियानोवर कसं, पाठ सरळ ठेवून बसता येतं! असं सांगतात, की विल्मा भावाचं व्हायोलिन गुपचूप काढून वाजवायची. एक दिवस वडिलांच्या कानावर ते पडलं. ते रागावले नाहीत, उलट स्वतः शिकवायला बसले. मला त्या बापाचंही कौतुक वाटतं. आमच्या भजनी मंडळात आजही मृदंगावर साथीला पलीकडच्या आळीतल्या काकांना बोलवावं लागतं, कारण लहानपणी आमच्यापैकी कुणाच्या पुढ्यात मृदंग ठेवलाच नाही.

पुढे व्हिएन्नात लिओपोल्ड यान्सा यांच्याकडे तिचं शिक्षण झालं. १८४६ मध्ये, जेमतेम आठ वर्षांची असताना, तिने व्हिएन्नात जाहीर कार्यक्रम केला. १८४९ मध्ये लंडनला वाजवलं. मग भावंडांसोबत युरोपभर दौरे. १८६४ मध्ये लुडविग नॉर्मन या स्वीडिश संगीतकाराशी लग्न झालं. दोन मुलगे झाले. स्टॉकहोमच्या संगीत अकादमीत ती शिकवूही लागली. पण संसार काही टिकला नाही. १८६९ च्या सुमारास दोघं वेगळी झाली.

नवऱ्यापासून वेगळी राहणारी, तिशीतली बाई. तो काळ डोळ्यांपुढे आणा. १८६९ मध्ये ती लंडनला कार्यक्रमासाठी गेली आणि व्ह्यूताँ या नामवंत व्हायोलिनवादकाच्या सल्ल्याने तिथे थांबली. कशासाठी, तर सेंट जेम्स हॉलमधल्या सोमवारच्या मैफलींत चौकडीचं नेतृत्व करायला. हे जरा समजावून सांगते. चेंबर म्युझिक म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचं नव्हे, तर मोजक्या वादकांचं संगीत. चौकडीत दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक सेलो. समोर काठी हलवणारा कुणी नसतो. सुरुवात कधी, लय किती, थांबायचं कुठे, हे पहिल्या व्हायोलिनच्या मानेच्या नुसत्या इशाऱ्यावर ठरतं. त्या जागेवर विल्मा बसली, आणि पियात्तीसारखा मुरलेला सेलोवादक तिच्या इशाऱ्यावर वाजवू लागला. ही काही एका दिवसाची नवलाई नव्हती. पुढची कितीतरी वर्षं ती दर हंगामात लंडनला येत राहिली. त्याच मंचावर जर्मनीचा योआकिमही याच जागेवर बसत असे. लोक दोघांची तुलना करत, आणि त्यात विल्माला बाई म्हणून सवलत देत नसत.

१८७६ मध्ये काही उमरावांनी मिळून तिला १७०९ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन भेट दिलं. आणखी एक गोष्ट मला या भेटीहून मोठी वाटते. तिला पाहून इंग्लंडमधल्या आया आपल्या मुलींच्या हातात व्हायोलिन देऊ लागल्या. १८७० नंतरच्या दशकात तिथल्या संगीत संस्थांतूनही मुली व्हायोलिन शिकू लागल्या. थोड्याच वर्षांत खांद्याला व्हायोलिनची पेटी अडकवून जाणारी मुलगी ही रस्त्यात थांबून बघण्यासारखी गोष्ट राहिली नाही.

पहिला नवरा १८८५ मध्ये वारला. १८८८ मध्ये तिने मँचेस्टरच्या वाद्यवृंदाचे प्रमुख चार्ल्स हॅले यांच्याशी लग्न केलं. तेव्हा ती पन्नाशीची होती, ते जवळपास सत्तरीचे. किती वर्षं एकत्र वाजवत होती दोघं! हॅलेंना ‘सर’ किताब मिळाला आणि विल्मा लेडी हॅले झाली. दोघं बोटीने ऑस्ट्रेलियाला गेली, तेही दोनदा. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेली. तिथून परतल्यावर त्याच वर्षी हॅले गेले. तीन वर्षांनी तिचा गिर्यारोहक मुलगा डोलोमाइट पर्वतात मरण पावला.

हातचं काम मात्र तिने सोडलं नाही. १८९९ मध्ये, साठी ओलांडल्यावर, ती अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. मग बर्लिनला मुक्काम हलवला आणि तिथल्या श्टेर्न संगीत विद्यालयात शिकवू लागली. १९०१ मध्ये इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्राने तिला आपली खास व्हायोलिनवादक म्हणून मान दिला. १५ एप्रिल १९११ रोजी बर्लिनमध्येच ती गेली. स्ट्रॅडिव्हेरियस शेवटपर्यंत तिच्याजवळ होतं. आणि हे व्हायोलिन कुणा भावाचं नव्हतं.